जॉर्ज वॉशिंग्टन कशाने वारले?

१४ डिसेंबर १७९९ या दिवशी रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे निधन झाले. वय ६७ वर्षे. दोन दिवसांपूर्वी ते घोड्यावर बसून शेतावर फिरत होते. राष्ट्राध्यक्षपद त्यांनी १७९७ मध्ये सोडले होते, पण फ्रान्सशी युद्ध होण्याची चिन्हे दिसू लागल्यावर १७९८ मध्ये सेनापतिपद पुन्हा त्यांच्याकडेच देण्यात आले होते. देशाचा त्यांच्यावर एवढा भरवसा होता. असा माणूस घसा दुखण्याचे निमित्त होऊन एका दिवसात गेला. त्याच्या उशाशी तीन नामांकित डॉक्टर होते, आणि उपचारांत कसलीही कसूर झाली नव्हती. उलट उपचार फारच झाले, असे काही जण लगेचच म्हणू लागले.

वॉशिंग्टन आजाराने गेले की उपचारांनी, हा वाद दोनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. या लेखात तो वाद पाहायचा आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की हा वाद त्याच वेळी का सुटू शकला नाही? तीन जाणत्या डॉक्टरांना आपले औषध गुण देते आहे की अपाय करते आहे, हे का कळू शकले नाही?

आजाराचे तीन दिवस

वॉशिंग्टन यांचे चिटणीस टोबायस लियर यांनी या दिवसांची तपशीलवार टिपणे लिहून ठेवली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही आपले निवेदन वर्तमानपत्रात छापले. म्हणून आज आपण हे प्रकरण बरेच बारकाईने तपासू शकतो.

१२ डिसेंबरला वॉशिंग्टन व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या आपल्या जमिनीवर पाहणीसाठी निघाले. हिमवर्षाव, मग गारा आणि पाठोपाठ थंड पाऊस असे ते हवामान होते. सुमारे पाच तासांनी ते परतले तेव्हा केसांवर बर्फ होते. जेवण खोळंबले होते, म्हणून कपडे न बदलताच ते जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला, तरीही दुपारी तोडायच्या झाडांवर खुणा करायला ते बाहेर गेलेच. संध्याकाळी आवाज घोगरा झाला होता. लियर यांनी औषध सुचवले, पण सर्दी आली तशी जाईल, असे म्हणून त्यांनी ते टाळले.

मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास त्यांना धड बोलता येईना, श्वास घेणे जड जाऊ लागले. पत्नी मार्था मदतीला कोणाला तरी बोलवायला उठू लागली, पण तिला थंडी बाधेल म्हणून त्यांनी तिला उठू दिले नाही. पहाटे कॅरोलिन ही घरातील गुलाम स्त्री शेकोटी पेटवायला आली, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे चाटण देऊन पाहिले. एक थेंबही गिळता येईना. गिळू जाताच अंगाला आचके येऊन श्वास कोंडू लागला. डॉक्टर येईपर्यंत थांबायला नको म्हणून वॉशिंग्टन यांनी स्वतःच शेतावरच्या मुकादमाला बोलावून हाताची शीर उघडायला सांगितले. मुकादमाचा हात कापत होता. मार्था फार रक्त काढू नका म्हणून विनवत होती, आणि रुग्ण मात्र आणखी काढा असे सांगत होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. रक्त काढण्याचा उपचार त्यांच्यावर कोणी लादला नव्हता. त्यांचाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

सकाळी जेम्स क्रेक आले. हे वॉशिंग्टन यांचे जुने मित्र आणि लष्करातले डॉक्टर. दुपारी एलिशा डिक आणि गुस्टाव्हस ब्राउन हे आणखी दोघे आले. दिवसभरात आणखी तीन वेळा रक्त काढले गेले. एका जातीच्या भुंग्याच्या पुडीचा लेप लावून गळ्यावर फोड आणले. व्हिनेगर आणि सुगंधी पाल्याचा काढा यांच्या गुळण्या करायला लावल्या, तेव्हा रुग्ण गुदमरता गुदमरता वाचला. पाऱ्याचा क्षार असलेले कॅलोमेल जुलाबासाठी आणि अँटिमनीचा क्षार उलटीसाठी दिला. पायांनाही फोड आणणारे लेप लावले. वॉशिंग्टन यांनी अखेर डॉक्टरांचे आभार मानले आणि आता आपल्यासाठी आणखी त्रास घेऊ नका, शांतपणे जाऊ द्या, असे सांगितले. शेवटच्या क्षणी त्यांनी स्वतःची नाडी स्वतःच पाहिली, असे लियर लिहितात.

किती रक्त गेले?

डॉक्टरांच्या निवेदनात पहिल्या वेळचे रक्त १२ ते १४ औंस आणि शेवटच्या वेळचे सुमारे ३२ औंस असे आकडे आहेत. मधल्या दोन वेळांचा आकडा नाही. ते बरेच होते, एवढेच म्हटले आहे. यावरून अभ्यासकांनी एकूण सुमारे ८० औंस, म्हणजे जवळजवळ २.४ लिटर, असा अंदाज केला आहे.

हा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. वॉशिंग्टन सहा फुटांहून उंच आणि दणकट होते. त्यांचे वजन ९५ किलोग्रॅम धरले तर रक्त ६.६५ लिटर होते. त्यातले २.४ लिटर म्हणजे ३६ टक्के. आपल्याकडे रक्तदानाच्या वेळी साधारणपणे ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि पुढच्या दानापर्यंत काही महिने थांबायला सांगतात. त्या मापाने सात जणांचे रक्त एका माणसाच्या अंगातून एका दिवसात निघाले. इतके रक्त झपाट्याने गेले तर रक्तदाब घसरतो, नाडी जलद आणि बारीक होते, ऊतींना ऑक्सिजन कमी पडू लागतो. इथे तर श्वास अडल्याने ऑक्सिजन आधीच कमी मिळत होता.

मग रक्त काढत का?

आज हा उपचार वेडेपणाचा वाटतो. पण त्यामागे सुमारे दोन हजार वर्षांची परंपरा होती. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचा तोल बिघडला की आजार होतो, अशी ग्रीक वैद्यकाची कल्पना होती. दुसऱ्या शतकात गेलेनने ती पद्धतशीर मांडली. अंग लाल झाले, तापले, सुजले की रक्त वाढले असे समजायचे आणि जादा रक्त काढून टाकायचे. आपल्याकडे आयुर्वेदातही रक्तमोक्षण आहे. तुंबडी आणि जळवा हे शब्द जुन्या मराठी माणसाला परके नाहीत.

केवळ परंपरेमुळे उपचार टिकला असे मात्र नाही. तो गुण देतो असे दिसतही असे. भरपूर रक्त काढले की तापाने तडफडणारा रोगी फिकट आणि शांत होतो, अंग गार लागते. आता आपण म्हणू, की ही रक्तस्रावाने आलेली ग्लानी आहे. तेव्हाच्या डॉक्टरला तो उतार वाटे. शिवाय बहुतेक आजार आपले आपण बरे होतात. दहा रोग्यांचे रक्त काढले आणि आठ बरे झाले, तर डॉक्टरला आठ यशे दिसत. दोघे गेले, तर आजार हाताबाहेर गेला होता किंवा रक्त काढायला उशीर झाला, असे म्हणता येई. रक्त काढले नसते तर दहापैकी किती बरे झाले असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारतच नसे.

घशात काय झाले असावे?

डॉक्टरांनी छापलेल्या निदानाचा अर्थ श्वासनलिकेच्या वरच्या भागाचा दाह असा होता. ब्राउन यांना तो टॉन्सिलजवळचा गळू वाटला होता. यापैकी कोणाला घशाच्या आत पाहण्याची सोय नव्हती. आरशाच्या साहाय्याने जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची रीत मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने शोधली. त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला तो १८५५ मध्ये. छाती तपासण्याची नळीही १८१६ ची. जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक सरत आले. मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे आज पुरावा आहे तो फक्त लक्षणांच्या वर्णनाचा.

त्यावरून तीन शक्यता मांडल्या जातात. टॉन्सिलचा गळू बहुधा एका बाजूला होतो आणि तयार व्हायला काही दिवस घेतो. घटसर्प संसर्गजन्य आहे, पण घरात आजूबाजूला तो कोणाला झाल्याची नोंद नाही. तिसरी शक्यता एपिग्लॉटिसच्या दाहाची. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्राच्या तोंडावर झाकणासारखे पडणारे कूर्चेचे पान म्हणजे एपिग्लॉटिस. जिवाणूंच्या संसर्गाने ते सुजले तर काही तासांत गिळणे अशक्य होते, आवाज बदलतो, उताणे पडले की श्वास कोंडतो आणि रोगी बसून राहू पाहतो. वॉशिंग्टन यांच्या लक्षणांशी हे चांगले जुळते. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रकरणाचा नव्याने अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी या निदानाला झुकते माप दिले. तरीही हे अनुमान आहे. पावसात भिजल्याने आजार झाला असे तेव्हा सगळ्यांना वाटले. संसर्गाला जंतू लागतो, नुसते भिजणे पुरत नाही, एवढे आज म्हणता येते.

ही सूज एवढी घातक का, हे भौतिकशास्त्रातून समजते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. हवा खळबळत वाहू लागली की परिस्थिती आणखी बिघडते. म्हणून घशातली सूज थोडी वाढली तरी रोग्याची अवस्था एकदम ढासळते. सरबत प्यायच्या जाड नळीतून आणि मग बारीक नळीतून दोन-चार श्वास घेऊन पाहिले, तर विद्यार्थ्यांना हे सूत्र पटकन पटेल.

तिसऱ्या डॉक्टरचे मत

तिघांत डिक सर्वांत लहान, ३७ वर्षांचे. आणखी रक्त काढायला त्यांचा विरोध होता. रोग्याला त्याची सगळी ताकद हवी आहे, रक्त काढून ती कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दुसराही उपाय सुचवला. अडथळा जिथे आहे त्याच्या खाली गळ्यावर छेद देऊन श्वासनलिकेला भोक पाडावे, म्हणजे हवा थेट आत जाईल. ही शस्त्रक्रिया अज्ञात नव्हती, पण क्वचितच होई. आणि रोगी होता राष्ट्रपिता. भूल द्यायची सोय नव्हती, जंतुनाशके नव्हती. सोबतच्या ज्येष्ठांनी ती मानली नाही. पुढे फ्रान्समध्ये त्रूसो यांनी घटसर्पाच्या मुलांवर हीच शस्त्रक्रिया करून ती रूढ केली, पण त्याला आणखी काही दशके जायची होती.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८०० मध्ये, ब्राउन यांनी क्रेक यांना पत्र लिहिले. डिक यांचे ऐकून आणखी रक्त काढले नसते तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता, अशी कबुली त्यात आहे. आपल्या समजुतीप्रमाणे आपण योग्य तेच केले, असेही ते लिहितात. त्याच सुमारास ब्रिकेल या डॉक्टरांनी वयस्क माणसाचे इतके रक्त काढण्यावर सडकून टीका करणारा लेख लिहिला. तो छापला गेला १९०३ मध्ये.

त्याच दिवशी, फिलाडेल्फियात

१४ डिसेंबर १७९९ या तारखेला आणखी एक घटना घडली. फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने विल्यम कॉबेट या पत्रकाराला पाच हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. दावा होता डॉ. बेंजामिन रश यांच्या बदनामीचा. रश हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे पुढारी आणि देशातले सर्वांत प्रसिद्ध डॉक्टर. डिक त्यांचेच विद्यार्थी.

१७९३ मध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात जवळजवळ पाच हजार माणसे गेली. अनेक जण शहर सोडून गेले, पण रश थांबले आणि त्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता रोगी तपासले. त्यांचा उपचार म्हणजे भरपूर रक्त काढणे आणि पाऱ्याचे जुलाब. शरीरात रक्त किती असते याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट होता. आपल्या उपचारांनी बहुतेक रोगी वाचले, असे ते प्रामाणिकपणे सांगत.

कॉबेट यांनी शहराच्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या आणि विचारले: उपचार एवढा गुणकारी असेल तर तो सुरू झाल्यावर रोजचे मृत्यू कमी का झाले नाहीत, वाढले का? कॉबेट यांची भाषा शिवराळ होती आणि रश यांच्याशी त्यांचे राजकीय वैर होते, त्यामुळे न्यायालयात त्यांची बाजू पडली. त्यांचा युक्तिवादही निर्दोष नव्हता, कारण साथ वाढतीवर असली की मृत्यू तसेही वाढतात. पण डॉक्टरच्या आठवणीवर विसंबू नका, मृत्यू मोजा, ही त्यांची मागणी रास्त होती. त्या मागणीवर दंड बसला त्याच दिवशी माउंट व्हर्ननला ३२ औंस रक्त काढले गेले.

मोजायला सुरुवात

तुलना करून पाहण्याची कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांना दोघादोघांत वाटून सहा वेगवेगळे उपचार दिले होते, आणि संत्री-लिंबे मिळालेले दोघे चटकन सुधारले होते. पण ही पद्धत वैद्यकाची सवय बनली नव्हती.

पॅरिसचे डॉ. पिएर लुई यांनी १८२० च्या दशकात न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांच्या नोंदी घेतल्या. ज्यांचे रक्त पहिल्या चार दिवसांत काढले अशा ४१ पैकी १८ दगावले, म्हणजे ४४ टक्के. ज्यांचे नंतर काढले अशा ३६ पैकी ९ दगावले, म्हणजे २५ टक्के. लवकर रक्त काढले की न्यूमोनिया आटोक्यात येतो हा तेव्हाचा पक्का समज होता. आकडे वेगळेच सांगत होते.

इथे शिक्षकांनी थोडे थांबावे. या आकड्यांवरून लवकर रक्त काढल्यामुळेच जास्त माणसे गेली, असे म्हणता येईल का? नाही. लवकर उपचार मिळालेले रोगी मुळातच जास्त आजारी असतील. शिवाय रक्त सगळ्यांचेच काढले होते. न काढलेला गट नव्हताच. लुई यांनीही निष्कर्ष जपूनच काढला: रक्त काढण्याचा उपयोग समजतात त्यापेक्षा फारच कमी आहे. तरीसुद्धा विरोध झाला. प्रत्येक रोगी वेगळा असतो, सरासरीला अर्थ नाही, असे अनेक डॉक्टर म्हणाले. फ्रान्समध्ये त्या काळात वर्षाला कोट्यवधी जळवा आयात होत होत्या. रक्त काढण्याची प्रथा ओसरायला एकोणिसावे शतक बरेचसे खर्ची पडले.

दोन गट मुळात सारखे कसे ठेवायचे, याचे चांगले उत्तर विसाव्या शतकात मिळाले. कोणाला कोणता उपचार, हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरवायचे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशीच होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रोगी दगावले. आज नवे औषध साधारणपणे अशाच चाचण्यांतून पार पडावे लागते. रक्त काढण्याचा उपचार अगदी संपला नाही. शरीरात लोह फार साठणे किंवा रक्तपेशी फार वाढणे अशा मोजक्या आजारांत तो उपयोगी ठरतो.

तर मग उत्तर काय?

वॉशिंग्टन कशाने वारले? श्वासाचा मार्ग सुजून बंद होत गेला, हे मूळ कारण दिसते. मार्ग मोकळा न करता नुसते रक्त काढणे थांबवले असते तर ते वाचलेच असते, असे म्हणायला आधार नाही. पण २.४ लिटर रक्त आणि जुलाब यांनी त्यांची झुंजण्याची ताकद काढून घेतली, हेही खरे. एकाच माणसाच्या बाबतीत याहून निश्चित सांगता येत नाही, कारण तोच माणूस उपचारांशिवाय कसा राहिला असता हे पाहायला मिळत नाही. हा वाद न सुटण्याचे कारणही हेच. क्रेक अनुभवी होते, रश निष्ठावान होते, दोघांनाही रोगी बरा व्हायला हवा होता. त्यांच्याकडे नव्हती ती स्वतःचा अनुभव तपासून पाहण्याची रीत. ती रीत अनेक रोगी आणि नीट ठेवलेल्या नोंदी यांतूनच येते.

एपिग्लॉटिसचा असा दाह पूर्वी लहान मुलांत अधिक होई. त्याला बहुतेक वेळा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हा जिवाणू कारण असे. त्याविरुद्धची लस आपल्याकडे २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळांना देतात त्या पंचगुणी लसीत ती असते. शाळेत एखाद्या मुलाचा घसा एकाएकी खूप दुखू लागला, लाळ गिळता येईना, ते पुढे वाकून कष्टाने श्वास घेऊ लागले, तर चमचा घालून घसा पाहत बसू नये. त्याला बसते ठेवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तिथे आधी श्वासाचा मार्ग मोकळा राखतात, गरज पडल्यास नळी घालून किंवा गळ्याला छेद देऊन. डॉ. डिक यांनी त्या दुपारी हेच सुचवले होते.